इंद्रायणीकाठचे दोन भुईकोट : सायकलवरून एक प्रदक्षिणा

सेवानिवृत्तीनंतर मनुष्य पुन्हा सायकलकडे वळतो तेव्हा घरातील मंडळी त्यास हौस म्हणतात, डॉक्टर औषध म्हणतात आणि जुने सहकारी वेड म्हणतात. माझ्या बाबतीत ते तिन्ही थोडे थोडे खरे आहे. १९८० च्या दशकात बँकेच्या पिंपरी शाखेत लिपिक म्हणून रुजू झालो, त्या काळी या परिसरात सायकल ही हौस नव्हती. १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या दारात पाळी सुटली की सायकलींचा असा लोंढा बाहेर पडे की रस्ता ओलांडण्यास पाच-सात मिनिटे थांबावे लागे. पुढे पगार वाढले, दुचाक्या आल्या, मग मोटारी आल्या. त्यांच्या कर्जप्रकरणांवर मीच सह्या केल्या. सायकल मात्र जिन्याखाली गेली.

ती जिन्याखालून बाहेर निघाली, त्यास कारण परदेशगमन ठरले. २०२३ च्या मे महिन्यात बेल्जियममधील अँटवर्प येथे भाचीकडे जाण्याचा योग आला. आमचे भाचेजावई तेथे हिऱ्यांच्या एका पेढीत हिशेबाचे काम पाहतात. अँटवर्पची हिऱ्यांची बाजारपेठ आणि तेथील पालनपुरी व्यापारी यांविषयी आपल्या वाचकांस मी नव्याने काय सांगावे? विल्रेक उपनगरातील संगमरवरी जिनमंदिराचे दर्शन घेऊन आलेले कित्येक वाचक असतील. परंतु त्याच शहराच्या वेशीपासून बीच वृक्षांच्या दाट सावलीतून, कालव्याच्या काठाकाठाने, खंदकांनी वेढलेल्या जुन्या वाड्यांपर्यंत सायकलचे रस्ते जातात, हे पुष्कळांनी पाहिले नसेल. भाचेजावयांनी एका रविवारी मला भाड्याची सायकल घेऊन दिली आणि हातात चिठ्ठी ठेवली. तिच्यावर केवळ आकडे होते.

त्या आकड्यांची पद्धत मोठी सुबक आहे. तेथे सायकलचे दोन रस्ते जेथे मिळतात, त्या प्रत्येक संगमास एक क्रमांक दिलेला असतो आणि तेथील फलकावर पुढच्या क्रमांकांकडे जाणारे बाण असतात. नकाशा नको, कोणास विचारणे नको. चिठ्ठीवरचे आकडे ओळीने पुरे केले की फेरी पूर्ण होते. ही कल्पना ह्यूगो बोलेन नावाच्या एका खाण अभियंत्याची. बेल्जियमच्या लिम्बर्ग प्रांतात कोळशाच्या खाणी बंद पडल्यावर, जमिनीखालच्या बोगद्यांच्या चौकांना जसे क्रमांक असत तसे जमिनीवरच्या रस्त्यांना द्यावेत असे त्यांच्या मनात आले आणि १९९५ साली ते जाळे प्रत्यक्षात उतरले. आज सबंध फ्लँडर्स प्रदेशात ते पसरले आहे. आयुष्यभर खातेक्रमांकांत रमलेल्या माझ्यासारख्या माणसास ही रीत न आवडती तरच नवल.

स्खोटेन गावाच्या वाड्यापाशी, उद्यानातील एका बाकावर बसून दशम्या खाताना मनात आले की हे सगळे आपल्या दाराशीही आहे. आपल्याकडे किल्ला म्हटला की डोंगर, पायऱ्या आणि धाप डोळ्यांपुढे येते. परंतु निगडी प्राधिकरणातील माझ्या घरापासून दोन भुईकोट सायकलच्या टप्प्यात आहेत : एक इंदोरीचा, दुसरा चाकणचा. दोन्ही सपाट भूमीवर असल्यामुळे चढण्याचा प्रश्नच नाही. आणि चाकणच्या कोटाला तर या फ्लेमिश वाड्यांसारखाच खंदक होता.

परत आल्यावर हा विचार मी एका स्नेह्यांजवळ बोललो. ते चिंचवडचे लोखंडाचे व्यापारी. गादी मुलाच्या स्वाधीन करून दुकानात केवळ गल्ल्यावरच्या खुर्चीपुरते उरलेले. ते मला साहेब म्हणतात, मी त्यांना शेठ म्हणतो. तीस वर्षे हाच परिपाठ आहे. शेठ म्हणाले, "साहेब, आकडे तुम्ही लिहा, टायरमध्ये हवा मी भरतो." त्याच संध्याकाळी पैसे भरण्याच्या जुन्या पावतीच्या पाठीमागे आम्ही बारा क्रमांक मांडले : एक निगडी, दोन देहूरोड, तीन घोरावडेश्वराचा पायथा, चार सोमाटणे, पाच तळेगावचे बनेश्वर, सहा इंदोरी, सात सुदुंबरे, आठ महाळुंगे, नऊ चाकण, दहा आळंदी, अकरा देहू आणि बारा पुन्हा निगडी. सगळे मिळून साठ-पासष्ट किलोमीटर भरते. तरुण मुले चार तासांत करतील. आम्हाला सकाळचे सहा ते दुपारचे दोन लागतात आणि तेवढे लागावेत अशीच आमची इच्छा असते.

वार गुरुवार ठरवला. त्याचे कारण स्थानिक वाचकांस कळेल : पिंपरी-चिंचवड पट्ट्यातील बहुतेक लहान कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते आणि त्या दिवशी आतील रस्ते थोडा श्वास घेतात.

देहूरोडच्या लष्करी हद्दीतील झाडी हेच आमचे पहिले अरण्य. कडुनिंब, शिरीष, करंज आणि मधूनच एखादा जुना वड. माघ-फाल्गुनात आलात तर घोरावडेश्वराच्या डोंगरउतारावर पळस आणि काटेसावर फुललेले दिसतात. डोंगरात बौद्ध काळातील लेणी आहेत, त्यांतील एकात आता महादेव आहे. महाशिवरात्रीस येथे यात्रा भरते. आम्ही वर जात नाही. पायथ्याशी सायकल टेकवून घड्याळ पाहतो. शेठ नवकारशी पाळतात. सूर्योदयानंतर ४८ मिनिटे होईपर्यंत ते पाण्याचा थेंबही घेत नाहीत आणि त्यांच्यासमोर मला चहा जात नाही. म्हणून आमचा पहिला थांबा सोमाटण्याला. थर्मासातील उकळलेले पाणी आणि घरचे खाखरे, एवढी शिदोरी.

तळेगाव दाभाडे हे गाव मोटारीतून जाणाऱ्यास कळत नाही. सायकलवरून ते सावकाश उलगडते. जानेवारी १७७९ मध्ये मुंबईहून पुण्यावर चालून आलेली इंग्रज फौज येथवर आली आणि पुढे जाण्याचा धीर न होऊन रातोरात माघारी फिरली. जाताना जड तोफा तिने तळ्यात टाकल्या. त्यापुढचा वडगावचा तह सर्वश्रुत आहे. व्यापारी वाचकांस मला अधिक आवर्जून सांगावेसे वाटते ते पैसाफंड काच कारखान्याविषयी. प्रत्येकाने वर्षाकाठी एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग उभे राहावेत, ही अंताजी दामोदर काळे यांची कल्पना लोकमान्यांनी उचलून धरली आणि १९०८ साली त्या पैशांतून तळेगावी काचकारखाना निघाला. तारण नाही, व्याज नाही, केवळ दात्यांची संख्या मोठी. कर्जविभागात काम केलेल्या माणसास असे भांडवल पाहून थोडे ओशाळल्यासारखे होते.

बनेश्वराच्या आवारात सरसेनापती खंडेराव दाभाडे आणि उमाबाई यांच्या समाधी आहेत. खंडेरावांना शाहू महाराजांनी १७१७ मध्ये सेनापतिपद दिले. गुजरातेतील मराठी सत्तेचा पाया त्यांनी घातला. पुढे बडोद्यास राज्य करणारे गायकवाड हे मूळचे दाभाड्यांच्याच हाताखालचे सरदार. १७२९ मध्ये खंडेराव गेले, १७३१ मध्ये पुत्र त्रिंबकराव डभईच्या रणात पडले आणि सेनापतिपणाची जोखीम उमाबाईंवर आली. पुढल्याच वर्षी त्यांनी अहमदाबादेवर स्वतः फौज नेली. घरातील कर्ता गेल्यावर वह्या हातात घेऊन पेढी सांभाळणाऱ्या विधवा स्त्रिया आपल्या समाजातील प्रत्येक पिढीने पाहिल्या आहेत. माझ्या शाखेतही अशा दोन-तीन खातेदार होत्या. उमाबाईंच्या समाधीपाशी त्यांची आठवण हटकून येते.

तळेगावाहून इंदोरी पाच-सहा किलोमीटर. येथील कोट खंडेरावांनी १७२० च्या सुमारास बांधला. दरवाजा पाहून थक्क व्हावे असा आहे : खाली घडीव दगड, वर विटांचे काम, दर्शनी भागावर शिल्पे. आत कडजाईचे मंदिर आहे आणि बाकी सारे मोकळे माळरान. मागच्या अंगाला तटाखालून इंद्रायणी वाहते. एकदा आम्ही दोघे त्या तटावर तास दीड तास नुसते बसून होतो. शेठ म्हणाले, "साहेब, एवढी मोक्याची जागा, नदीकाठ, हमरस्त्यापासून दोन मिनिटे. आणि कोणी काही बांधले नाही?" हा त्यांचा व्यापारी स्वभाव, पण त्यांच्या स्वरात खेद नव्हता, आश्चर्य होते.

येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. आमच्या पहिल्या चिठ्ठीत तीनवरून थेट सहावर जाणारी एक आडवाट होती. घोरावडेश्वराच्या पायथ्यापासून रूळ ओलांडून शेलारवाडीकडून कुंडमळ्यास उतरायचे आणि नदीवरच्या जुन्या लोखंडी पुलावरून सायकल हाती धरून इंदोरीच्या बाजूस निघायचे. कुंडमळ्यात इंद्रायणीने खडकात रांजणखळगे कोरले आहेत, ते पाहण्यास तो पूल फार सोयीचा पडे. पूल धोकादायक असल्याचा फलक तेथे होता. मी तो वाचला होता. एकदा नव्हे, प्रत्येक वेळी वाचला होता आणि प्रत्येक वेळी पलीकडे गेलो होतो. १५ जून २०२५ च्या रविवारी दुपारी पर्यटकांच्या गर्दीखाली तो पूल कोसळला आणि चार जणांचे प्राण गेले. त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी शेठजींचा दूरध्वनी आला. बराच वेळ दोघेही काही बोललो नाही. मग ते म्हणाले, "तीन ते सहा खोडून टाका." पावतीवरची ती रेघ मी लाल शाईने काटली. त्या दिवसापासून आम्ही तळेगावावरूनच जातो आणि चिठ्ठी चार किलोमीटरांनी वाढली आहे.

इंदोरीपुढे भंडारा डोंगर लागतो आणि पलीकडे भामचंद्र दिसतो. तुकोबा एकांतासाठी या दोन्ही डोंगरांवर जाऊन बसत. त्यांच्या घराण्यात महाजनकी आणि सावकारी होती. दुष्काळाने घर उद्ध्वस्त झाल्यावर त्यांनी वडिलार्जित कर्जखते काढली, धाकटे बंधू कान्होबा यांचा निम्मा हिस्सा त्यांच्या हवाली केला आणि स्वतःच्या वाट्याची निम्मी खते इंद्रायणीत बुडवली. भाविक या प्रसंगाकडे वैराग्य म्हणून पाहतात, ते योग्यच आहे. माझ्या व्यवसायाची दृष्टी त्यात आणखी एक गोष्ट पाहते : भागीदाराच्या संमतीवाचून त्याचे येणे माफ करता येत नाही, हा नियम त्या महापुरुषाने त्या घडीसही पाळला. आधी वाटणी, मग माफी.

सुदुंबऱ्यास संताजी जगनाडे महाराजांची समाधी आहे. तेल गाळणारे, विकणारे हे गृहस्थ तुकोबांचे टाळकरी होते आणि त्यांनी तुकोबांचे अभंग उतरवून ठेवले. त्यांचा जन्म चाकणचा. म्हणजे आमचे सात आणि नऊ हे क्रमांक एकाच पुण्यपुरुषाच्या आयुष्याची दोन टोके आहेत.

या दोन क्रमांकांमधला रस्ता मात्र संतांचा नाही, कंटेनरांचा आहे. तळेगाव-चाकण रस्त्यावर सायकलस्वारास जागा नाही, हे मी अनुभवाने लिहितो. आमच्या चौथ्या फेरीत खालुंब्र्याजवळ एक लांबलचक ट्रेलर अगदी लगटून गेला. तो लागला नाही, पण त्याच्या वाऱ्याने मी डांबराच्या कडेवरून खाली मुरमात गेलो. मनगटाचे हाड मोडले, सहा आठवडे प्लास्टर. सौभाग्यवती दवाखान्यात एवढेच म्हणाल्या, "मुदतीआधी एफडी मोडू नये म्हणून जगाला सांगत आलात, आणि स्वतःची हाडे मोडून आणता?" त्यानंतर चार महिने सायकल पुन्हा जिन्याखाली होती. सुनबाईंनी तर ती विकण्याची जाहिरातही तयार केली होती.

तडजोड झाली ती अशी. सुदुंबऱ्यापुढे मोठ्या रस्त्यावर शक्य तितके कमी राहावयाचे आणि महाळुंग्यापासून औद्योगिक वसाहतीच्या आतील रस्ते धरावयाचे. हे रस्ते रुंद आहेत, कडेने झाडे लावलेली आहेत आणि गुरुवारी सकाळी तुलनेने शांत असतात. ज्या कंपन्यांच्या सुट्या भागांचा पुरवठा करणाऱ्या कारखानदारांना मी खेळते भांडवल मंजूर केले, त्यांची दारे येथे मी ताशी बारा किलोमीटरच्या वेगाने पाहतो. पहाऱ्यावरचे तरुण बिहार, ओडिशा, मराठवाडा असे कोठकोठले असतात. एकाने एकदा विचारले, "काका, कंपनीत आहात का?" शेठ म्हणाले, "होतो. आता ऑडिटला आलोय."

आता चाकण. येथील संग्रामदुर्गाची कीर्ती १६६० च्या वेढ्याने आहे. शाहिस्तेखान पुण्यात येऊन बसला होता. अहमदनगरकडून येणारी त्याची रसद सुरक्षित व्हावयाची तर वाटेवरचा चाकणचा कोट त्यास हवा होता. आज वाहनउद्योगांनी चाकण निवडले ते असेच, रस्त्यांचा हिशेब करून. माल कोठून येतो आणि कोठे जातो, या प्रश्नाचे उत्तर साडेतीनशे वर्षांत फारसे बदललेले नाही. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा मूठभर माणसांनिशी जूनपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, भर पावसात, पंचावन्न दिवस लढला. मोगलांनी अखेर बुरुजाखाली भुयार खणून सुरुंग उडवला. भगदाड पडल्यावरही आतली माणसे एक दिवस झुंजली. मोगलांचे २६८ ठार आणि ६०० जखमी झाल्याची नोंद आहे. फिरंगोजीचे शौर्य पाहून खानाने त्यास चाकरी देऊ केली, ती त्याने नाकारली आणि तो महाराजांकडे परतला.

एवढे रण ज्या कोटासाठी झाले त्याचे आज थोडे अवशेष उरले आहेत : काही तट, काही बुरूज, दरवाजा, आत विष्णूचे लहान मंदिर. काही ठिकाणी डागडुजी झालेली दिसते, तिचे समाधान वाटते. बाकी गाव चहूबाजूंनी आत आले आहे.

पहिल्या फेरीत तेथे पोहोचलो तेव्हा मी शेठजींना न सांगता काहीतरी शोधत होतो. १९९८ मध्ये मी चाकण परिसराची कर्जप्रकरणे पाहत असे. एका दुकानगाळ्याच्या तारणकर्जासाठी आलेल्या खरेदीखतात चतुःसीमा लिहिली होती आणि तिच्यात एका बाजूस "किल्ल्याचा खंदक" असे शब्द होते. वकिलाचा अहवाल निर्वेध होता, मूल्यांकन पुरेसे होते, हप्ते पुढे वेळेवर आले. मी सही केली. पंचनाम्यास जागेवर गेलो होतो तेव्हा गाळ्याची लांबी-रुंदी पाहिली, शटर पाहिले, वीजमीटर पाहिला. खंदक पाहिला नाही. फिरंगोजी कोण हे मला ठाऊक होते. शाळेत धडा होता. तरीही पाहिला नाही, कारण तो तारणात नव्हता.

तो गाळा मला सापडला. त्याच्यावर आता दोन मजले चढले आहेत. खंदकाच्या बाजूस एक गटार, त्यावर फरशी, फरशीवर उभ्या केलेल्या दुचाक्या. किल्ल्याच्या दुसऱ्या अंगास खंदकाचा थोडा खोलगट भाग अजून ओळखू येतो, तेथे गवत आणि कचरा आहे. मी शेठजींना सारे सांगितले. ते जरा वेळ त्या फरशीकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "साहेब, त्या गाळ्याला सळई कोणाची गेली असेल, सांगू?" मग त्यांनी आपल्याच पेढीचे नाव घेतले. "चाकणचा निम्मा माल तेव्हा आमच्याकडूनच जाई."

तेव्हापासून प्रत्येक फेरीत आम्ही चाकणला तासभर देतो. उरलेल्या तटाच्या कडेने शक्य तेथे सायकल हाताने चालवतो आणि मी चाकाचे फेरे मोजतो. आकडे वहीत लिहून ठेवतो. दोन वर्षांत ते कमी झालेले नाहीत. बाजारपेठेतून बाहेर पडताना कांदा-बटाट्याच्या गोण्यांच्या थप्प्यांमधून वाट काढावी लागते. कंदमुळास न शिवणारे शेठ त्या कांद्याच्या पेठेतून नाकासमोर पाहत ज्या गांभीर्याने जातात ते दृश्य पाहण्यासारखे असते. जवळच चक्रेश्वराचे देऊळ आहे. दशरथाच्या रथाचे चाक येथे रुतले म्हणून चाकण, अशी आख्यायिका. ज्यांनी या गावातील संध्याकाळची वाहतूककोंडी भोगली आहे त्यांस ती पटण्यास अडचण पडणार नाही.

चाकणहून केळगावमार्गे आळंदी, पुढे मोशी, चिखली, तळवडे करीत देहू. या टप्प्यात पूर्वी शेते होती, आता गृहसंकुले आहेत. लिहिण्याजोगे फार नाही, ऊन मात्र भरपूर. देहूच्या घाटावर पाय धुतो. इंद्रायणीचे पाणी पाहवत नाही अशा अवस्थेत कित्येकदा असते, फेस तरंगत असतो, तरी काठावर सावली आहे.

घरच्या तडजोडीतील शेवटचे कलम सांगावयाचे राहिले. प्रत्येक क्रमांकावरून घरी दूरध्वनी करायचा आणि केवळ आकडा सांगायचा. सौभाग्यवतींनी पावतीची एक नक्कल स्वयंपाकघरात, दिनदर्शिकेच्या खाली टाचून ठेवली आहे आणि आकडा आला की त्या पेन्सिलीने खूण करतात. मागच्या गुरुवारी चाकणच्या दरवाजातून मी फोन लावला आणि म्हणालो, "नऊ." पलीकडून उत्तर आले, "आठ कुठे गेला? महाळुंग्याची खूण नाही माझ्याकडे." फोन करावयाचा राहून गेला होता. शेठ हसले आणि सायकलला टेकून उभे राहिले. मी तटाच्या सावलीत उभा राहून आठचा हिशेब देऊ लागलो.